एएलएस झालेल्या माणसाची घरी काळजी: काय आधी करायचं, कसं करायचं

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, हातातून पक्कड निसटायला लागली ती २०१९ च्या पावसाळ्यात. वीज मंडळात लाइनमन म्हणून तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस. हात दमले असतील, असंच आम्हाला वाटलं. मग अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा आत गेला आणि दंडावरचं मांस आपोआप फडफडायला लागलं. हाडांचे डॉक्टर, मानेचा एमआरआय, बी-१२ ची इंजेक्शनं असं करत मेंदूविकारतज्ज्ञांपर्यंत पोचायला अकरा महिने गेले. ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, झाला आणि निदान कळलं: एएलएस (अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस), स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार. त्यानंतर साडेतीन वर्षं आई, मी, भाऊ आणि वहिनी, आम्ही चौघांनी मिळून त्यांना कराडच्या घरीच सांभाळलं.

या आजारात जवळजवळ प्रत्येक सोय गरज पडण्याआधी करावी लागते. गरज पडल्यावर धावपळ केली, तर ती सोय शरीराला पेलत नाही किंवा ती नको म्हणायची संधी रुग्णाला उरत नाही. आम्ही काही गोष्टी वेळेत केल्या, काही उशिरा. दोन्ही सांगते. औषधांचे डोस आणि यंत्राचे आकडे मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आजार समजून घेताना

मेंदू आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात. हुकूम थांबला की स्नायू वाळतो. आपल्याकडे बरेच डॉक्टर याला मोटर न्यूरॉन डिसीज किंवा एमएनडी म्हणतात. फाइलवर दोन्ही नावं दिसली तर घाबरू नका. झाँ-मार्तँ शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. पूर्ण बरं करणारं औषध आजही नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात, दहातला साधारण एक जण दहा वर्षांच्या पुढे जातो. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, पण ते फार दुर्मीळ उदाहरण आहे. त्यांच्यावरून आपल्या माणसाचा हिशोब करू नये, ना आशेचा, ना निराशेचा.

काय शाबूत राहतं, हे घरातल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे. स्पर्श, वेदना, दिसणं, ऐकू येणं, डोळ्यांची हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा बहुधा टिकतो. म्हणजे नाकावर माशी बसली की अण्णांना ती पूर्ण जाणवायची, फक्त हात उचलून हाकलता यायची नाही. हे एकदा डोक्यात बसलं की काळजी घेण्याची सगळी तऱ्हाच बदलते.

हा आजार संसर्गजन्य नाही. दहापैकी सुमारे नऊ जणांच्या घराण्यात तो आधी कुणालाही झालेला नसतो. घराण्यात आधी असेल, तर जनुकतपासणीबद्दल जरूर विचारा. कारण एसओडी-१ या जनुकातला बदल सापडला, तर त्यासाठी टोफर्सन नावाचं वेगळं औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आहे. बाकी बहुतेकांसाठी रिल्युझोल. त्यानं आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढतं. गोळी दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी घ्यायची आणि ठरावीक काळानं यकृताची रक्ततपासणी करायची. गोळी चुरून तोंडात दिली तर जीभ बधिर होते आणि गिळणं आणखी अवघड जातं, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचाराच्या जाहिराती तुमच्यापर्यंत पोचतीलच. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एएलएससाठी स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त संशोधन चाचणीतच करता येतो आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. लाखो रुपये मागणारा ‘उपचार’ म्हणजे चाचणी नव्हे. ते पैसे बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र), व्हीलचेअर आणि रात्रीच्या माणसासाठी ठेवा, असं मी हात जोडून सांगते.

निदानानंतरचे पहिले दोन-तीन महिने

हा काळ रडण्यात जातो आणि जाऊ द्यावाच. पण हात आणि आवाज चालू आहेत तोवर चार कामं उरकून घ्या.

पहिलं, सह्या. बँक खातं ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात व्यक्ती’ या पद्धतीनं संयुक्त करा, सगळीकडे वारस नोंदवा, मृत्युपत्र करा, लागेल तिथे मुखत्यारपत्र द्या. पुढे सही अशक्य झाली, तर दोन साक्षीदारांसमोर हाताचा किंवा पायाचा अंगठा उमटवून पैसे काढता येतात. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे आणि त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखेत हे माहीत नसतं. शांतपणे नियम सांगायचा.

दुसरं, आवाज. बोलणं जड व्हायच्या आत मोबाइलवर स्पष्ट आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून घ्या. नुसतं ‘पाणी द्या’ नको, त्या माणसाची खास वाक्यंही घ्या. अण्णांनी नातीला मारलेली हाक, आईला ‘अगं ऐकलंस का’ आणि आम्हा भावंडांना द्यायच्या दोन शिव्यासुद्धा रेकॉर्ड केल्या. पुढे त्या टॅबवरच्या बटणांना जोडल्या. दुपारी शांत खोलीत, पंखा बंद करून हे काम करा.

तिसरं, वजन आणि श्वासाची क्षमता यांची पहिली नोंद. स्पायरोमेट्रीत, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजण्याच्या तपासणीत, एफव्हीसी नावाचा आकडा येतो: पूर्ण श्वास घेऊन जोरानं किती हवा बाहेर टाकता येते ते. तो दर तीन महिन्यांनी मोजून घ्या आणि जमलं तर झोपलेल्या स्थितीतही मोजायला सांगा, कारण श्वासपटल अशक्त झालेलं आधी झोपल्यावर कळतं.

चौथं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एएलएसचं नाव वेगळं नाही, पण हातापायांच्या दुर्बलतेवरून चलनवलनाच्या अपंगत्वाखाली प्रमाणपत्र मिळतं. ४० टक्क्यांच्या पुढे बऱ्याच सवलती सुरू होतात. माणूस चालत रुग्णालयात जाऊ शकतो तोवर हे करून घ्या.

ताट आणि वजन

एएलएसमध्ये वजन घटणं ही गंभीर गोष्ट आहे. ज्यांचं वजन टिकतं, ते जास्त जगतात. बऱ्याच रुग्णांचं शरीर बसल्या जागी जास्त ऊर्जा जाळतं. म्हणून मधुमेह किंवा हृदयाचं काही नसेल, तर ‘तूप कमी, साखर कमी’ हा घरातला नियम बाजूला ठेवा आणि आहारतज्ज्ञांना तसं विचारून घ्या.

गिळताना सगळ्यांत फसवं पाणी. ते जिभेवरून पटकन घसरतं आणि श्वासनलिकेत जातं. म्हणून पातळ पदार्थ दाट करायचे: ताकाऐवजी घट्ट दही घुसळून, पाण्याऐवजी थोडी दाट पेज, नाचणीची आंबील. औषधांच्या दुकानात पातळ पदार्थ घट्ट करणारी पावडरही मिळते. दुसरा धोका कोरड्या, भुरभुरणाऱ्या पदार्थांचा: पोहे, चिवडा, भाकरी, बेसनाचा लाडू. तिसरा धोका सहज लक्षात येत नाही. एका घासात पातळ आणि घट्ट असं दोन्ही असलं, की घशाची तारांबळ उडते. फोडींची आमटी, दुधात बुडवलेली पोळी ही त्यातलीच. आमच्याकडे चाललं ते असं: मिक्सरमधून काढलेला वरणभात भरपूर तूप घालून, मेतकूट-भात दह्यात कालवून, पातळसर शिरा, रताळ्याची खीर गाळून, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. केळं मात्र जिभेला चिकटायचं.

भरवण्याची पद्धत पदार्थाइतकीच महत्त्वाची आहे. पाठ सरळ, पाय टेकलेले, हनुवटी थोडी छातीकडे. चमचा समोरून आणि खालून न्यायचा, वरून नाही. वरून नेला की मान मागे जाते आणि श्वासनलिका उघडी पडते. घास अर्ध्या चमच्याचा. पुढचा घास मागचा गिळल्यावरच. टीव्ही बंद, गप्पा बंद. जेवणानंतर किमान अर्धा तास बसवून ठेवायचं.

ठसका लागला तर पाणी देऊ नका आणि पाठीवर थापट्याही मारू नका. पुढे वाकवून खोकू द्या. खोकल्याचा आवाज येतोय म्हणजे हवा आत-बाहेर जातेय. आवाज पूर्ण बंद झाला, ओठ काळे-निळे पडले, तर मात्र पाठीवर जोराचे फटके आणि पोटावर दाब देण्याची हाइमलिक पद्धत वापरायची. ती डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून आधीच प्रत्यक्ष शिकून ठेवा.

आता पेग, म्हणजे दुर्बिणीतून पोटात बसवलेली नळी. ‘नळी म्हणजे शेवट’ असं आमच्याकडे सगळ्यांनाच वाटलं आणि आम्ही सहा महिने घालवले. तेवढ्यात अण्णांचं वजन नऊ किलोनं उतरलं. नळी बसवायचा निर्णय एफव्हीसी ५० टक्क्यांच्या खाली जायच्या आत झालेला बरा, कारण त्यानंतर त्या छोट्या शस्त्रक्रियेतली जोखीम वाढते. जेवणाला तासभर लागू लागला, वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरलं किंवा ठसक्याच्या भीतीनं माणूस पाणीच टाळू लागला, तर विचार करण्याची वेळ आली. नळी बसली तरी चवीपुरतं तोंडानं खाता येतं. अण्णा शेवटपर्यंत सकाळी दोन चमचे चहा जिभेवर घ्यायचे. पोट नळीनं भरलेलं असल्यामुळे त्या दोन चमच्यांचं दडपण कुणावर नव्हतं.

नळीतून काही देताना डोकं-छाती उंच ठेवा. आधी आणि नंतर कोमट पाणी ढकला, नाहीतर नळी तुंबते. घरचं अन्न द्यायचं तर बारीक वाटून दोनदा गाळा. कोणत्या गोळ्या चुरून देता येतात आणि कोणत्या मुळीच चुरायच्या नाहीत, याची यादी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लाळ. ती जास्त तयार होत नाही, गिळली जात नाही म्हणून साचते. कमी करणारी औषधं आहेत, थेंब आहेत, गरज पडल्यास लाळग्रंथींत बोट्युलिनमचं इंजेक्शन देतात. पण लाळ फार कोरडी केली की घट्ट तारेचा कफ होतो आणि तो जास्त छळतो. म्हणून औषध वाढवताना दर दोन दिवसांनी ‘पातळ की चिकट’ हे रुग्णालाच विचारा. लाळ-कफ ओढून काढणारं सक्शन मशीन घरात असावंच.

श्वास

जास्तीत जास्त चुका इथे होतात. आमचीही झाली.

श्वासाचे स्नायू थकले की पहिली चिन्हं बहुधा रात्री दिसतात. झोप तुटते, सरळ झोपलं की गुदमरल्यासारखं होतं, उश्या वाढतात. सकाळी डोकं दुखतं, दिवसा पेंग येते, वाक्य मधेच तुटतं. रुग्ण ‘धाप लागते’ असं म्हणेलच असं नाही. जो फार हलतच नाही, त्याला धाप लागणार कशी?

२०२१ च्या मे महिन्यात अण्णांच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९० दाखवायला लागला. कोरोनाची दुसरी लाट होती, घरोघरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले होते. ओळखीतल्या एकांनी त्यांचं यंत्र आणून दिलं आणि आम्ही लावलं. आकडा ९७ झाला, आम्ही समाधानानं झोपलो. पहाटे अण्णा उठेचनात. रुग्णालयात कळलं, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला होता. एएलएसमध्ये फुफ्फुसं बहुधा चांगली असतात, भाता ओढणारे स्नायू थकलेले असतात. आत हवा नीट जात नाही म्हणून ऑक्सिजन उतरतो आणि बाहेर जात नाही म्हणून कार्बन डायऑक्साइड साठतो. नुसता ऑक्सिजन दिला की बोटावरचा आकडा सुधारतो, पण दुसरा वायू साठतच राहतो आणि माणूस गुंगीत जातो. भात्याला मदत करणारं यंत्र म्हणजे बायपॅप. ऑक्सिजन लागलाच, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बायपॅपसोबत.

बायपॅपनं झोप सुधारते, आयुष्यही वाढतं. बोलण्या-गिळण्याचे स्नायू फार बिघडले नसतील तर फायदा ठळक असतो. काही गोष्टी विकत घेण्याआधी विचारा. यंत्र सतत एकाच दाबानं हवा देणारं सीपॅप नसून बायपॅप आहे ना? त्यात ठरावीक वेळेत श्वास घेतला नाही तर यंत्रानं स्वतः श्वास देण्याची सोय आहे ना? बॅटरी जोडता येते ना? शक्य असेल तर आधी भाड्यानं घ्या आणि दोन-तीन प्रकारचे मास्क लावून पाहा.

सवय दिवसा लावा. पहिले चार दिवस दुपारी बातम्या बघताना पंधरा-वीस मिनिटं, मग तासभर, मग रात्रीचा पहिला प्रहर. नाकाच्या हाडावर लाल वळ दिसला की त्याच दिवशी तिथे मऊ पट्टी लावा, जखम होण्याची वाट पाहू नका. ज्याचे हात चालत नाहीत, त्याला मास्क स्वतः काढता येत नाही. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क असेल आणि उलटी झाली, तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून हाक मारायची सोय मास्कच्या आधी. आम्ही वायरलेस दारघंटीचं बटण अण्णांच्या पायाच्या अंगठ्याखाली बसवलं होतं. अंगठा थकल्यावर ते गालापाशी आणलं.

वीज गेली तर? हे आमच्या घरी अण्णांनीच सोडवलं, तेव्हा त्यांना फक्त डोळे हलवता येत होते. यंत्रावर लिहिलेले वॅट बघा, इन्व्हर्टरवर बायपॅप, सक्शन मशीन, एक दिवा आणि एक पंखा एवढंच ठेवा, बाकी घर वेगळं काढा. हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बराच करंट खातो. वीज गेली की तो बंद करायचा. महिन्यातून एकदा, दिवसा, घरात दोन माणसं असताना मेन स्विच पाडून बघायचं की बॅटरी खरोखर किती तास टिकते. उशाशी अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी, आणि ती वापरायला शिकलेली किमान दोन माणसं. खेडेगावात वळवाच्या पावसात आठ-दहा तास वीज जाते, हे कंपनीच्या माहितीपत्रकात नसतं.

खोकल्याची ताकद गेली की कफ आतच राहतो. फिजिओथेरपिस्टकडून हातानं खोकल्याला मदत करण्याची पद्धत शिकून घ्या. परवडत असेल किंवा भाड्यानं मिळत असेल, तर खोकला काढणारं कफ असिस्ट यंत्र बघा. दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टर सांगतील तेव्हा न्यूमोनियाची लस. घरात ज्याला सर्दी झाली, त्यानं चार दिवस मास्क लावायचा.

डोळ्यांनी बोलणं

महागडी, डोळ्यांच्या इशाऱ्यावर चालणारी यंत्रं आहेत आणि परवडली तर जरूर घ्या. पण वीज नसताना, रुग्णालयात, आंघोळीच्या वेळी पुठ्ठाच उपयोगी पडतो. आपली वर्णमाला या कामासाठी आयती रचलेली आहे. मोठ्या पुठ्ठ्यावर ओळी करा: पहिली स्वरांची, मग क ख ग घ, च छ ज झ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म, य र ल व, श ष स ह ळ. शेवटच्या ओळीत ‘चुकलं’, ‘पुन्हा’, ‘पुरे’.

विचारणाऱ्यानं फक्त ओळीचं पहिलं अक्षर म्हणायचं: क? च? ट? त? रुग्णानं डोळे मिटले की ती ओळ. मग त्याच ओळीतली अक्षरं एकेक. काना-मात्रा विचारत बसू नका, जोडाक्षरंही सोडा. ‘प ठ ख ज’ आलं की ‘पाठीला खाज येतेय?’ असं पूर्ण वाक्य विचारा आणि होकाराची वाट पाहा. दोन-तीन आठवड्यांत वेग येतो. अक्षरं दुसऱ्या कुणीतरी कागदावर टिपत जावीत, नाहीतर लांब वाक्यात आपणच हरवतो.

पुठ्ठ्याच्या मागे तयार वाक्यं: लाळ ओढा. कूस बदला. पाय सरळ करा. मास्क सैल झालाय. डास. लघवी. पंखा. आणि हे विसरू नका: ‘थोडा वेळ सगळे बाहेर जा.’ अण्णांनी सगळ्यांत जास्त वापरलेल्या वाक्यांपैकी ते एक होतं.

दोन नियम घरात सगळ्यांनी पाळायचे. त्यांचं वाक्य न विचारता पुरं करायचं नाही. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल, ते तिथे नसल्यासारखं बोलायचं नाही. भेटायला आलेल्या पाहुण्यांना हे दारातच सांगायचं. ‘हो’ची खूण एकच ठेवा आणि ती पलंगावर लिहून चिकटवा. आईची खूण वेगळी, नर्सची वेगळी, असं झालं की रुग्ण दमून गप्प होतो.

अंग, अंथरूण, मोरी

उचलताना काखेत हात घालून किंवा दंड धरून कधीही ओढू नका. खांद्याचे स्नायू गेलेले असतात, सांधा निखळतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि त्याला धरा. पूर्ण भार उचलायची वेळ आली की पेशंट लिफ्ट भाड्यानं आणा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या माणसाची कंबर जाते. आईची गेलीच.

दिवसातून दोनदा प्रत्येक सांधा हळुवार फिरवा. तेल लावून हलकी मालिश सुखावते, पण ‘ताकद येईल’ म्हणून दमेपर्यंत व्यायाम करून घेऊ नका. व्हीलचेअर घेताना पाठ मागे कलणारी आणि डोक्याला आधार असलेली घ्या. साधी घेतली तर वर्षात दुसरी घ्यावी लागते. भारतीय संडास असेल, तर पाय लटपटायला लागताच कमोड खुर्ची आणा.

मच्छरदाणी हवीच. डास चावतोय हे कळतं, मारता येत नाही, बोलता येत नाही. रात्रभर हे सोसलेलं मी अण्णांच्या चेहऱ्यावर सकाळी पाहिलं आहे. बद्धकोष्ठतेकडे लक्ष ठेवा, पोट फुगलं की श्वासही अडतो.

मन

कधी कधी रुग्ण विनाकारण खदखदून हसतो किंवा हुंदके देतो आणि थांबवता येत नाही. तो मनाचा नव्हे, मज्जातंतूंचा भाग आहे आणि त्यावर औषध आहे. साधारण निम्म्या रुग्णांच्या विचारात किंवा वागण्यात थोडाफार बदल होतो: हट्टीपणा, उदासीनता, समोरच्याच्या दुःखाची जाणीव न राहणं. दहा-पंधरा टक्क्यांमध्ये तो स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारापर्यंत जातो. हे माहीत नसलं की ‘मुद्दाम त्रास देतात’ असं वाटतं आणि नात्यात कायमची अढी बसते. डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

काळजी घेणाऱ्यांची वाटणी

आपल्याकडे हे काम न बोलता घरातल्या एका बाईवर येऊन पडतं. आमच्याकडेही वहिनी नोकरी सोडेल, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, मीसुद्धा. तिला कुणी विचारलं नव्हतं. एका संध्याकाळी अण्णांनी पुठ्ठा मागितला आणि अक्षरं आली: न क र न क स ड. नोकरी नको सोडू. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा वही घेऊन बसलो.

वहीत कामं लिहा, भावना नाही. रात्री अकरा ते तीन कोण, तीन ते सहा कोण. औषधं कोण आणणार. विमा, प्रमाणपत्रं, बिलं कोण बघणार. आंघोळीला दोन माणसं कोणती. सगळ्यांत महाग काम रात्रीचं. सलग चार रात्री एकाच माणसावर येऊ देऊ नका, कारण न झोपलेल्या माणसाच्या हातून मास्क उलटा लागतो. पुण्याला असलेला भाऊ दर दुसऱ्या शनिवारी यायचा आणि दोन्ही रात्री तोच जागायचा. ‘मी पैसे पाठवतो’ म्हणणाऱ्या नातलगांना तेवढं एक मागा: महिन्यातून दोन रात्री.

ब्युरोकडून माणूस ठेवणार असाल, तर पहिले तीन दिवस घरच्यानं सोबत राहा. सक्शन, मास्क, कूस बदलणं याचे छोटे व्हिडिओ मोबाइलवर करून ठेवा. माणूस बदलला तरी शिकवणं तेच राहतं. त्या माणसाला पुठ्ठा वापरता आला नाही, तर तो कितीही ताकदवान असो, रात्री एकट्यावर सोपवू नका.

आणि पत्नी किंवा पती असलेल्या माणसाला रोज थोडा वेळ नर्सपणातून सुट्टी द्या. आई संध्याकाळी अर्धा तास अण्णांजवळ फक्त बसायची. त्या अर्ध्या तासात तिनं लाळ पुसायची नाही, असा आमच्या घरचा ठराव होता.

कागद, जे आधी लिहायचे

एक, आपत्कालीन कागद. पलंगाच्या उशाशी आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये, मराठी आणि इंग्रजीत: आजाराचं नाव, ‘नुसता ऑक्सिजन देऊ नका, बायपॅप लावा’, ‘सपाट झोपवू नका’, ‘गुंगीचं औषध देताना श्वास सांभाळा’, ‘बोलता येत नाही, पण सगळं समजतं, डोळे मिटले म्हणजे हो’, बायपॅपचे आकडे, डॉक्टरांचा नंबर. तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरांनी एएलएसचा रुग्ण पूर्वी पाहिलेला नसण्याची शक्यता मोठी असते. हा कागद त्यांनाही आधार वाटतो.

दोन, पुढचा निर्णय. बायपॅप पुरेनासा झाला की घशाला छिद्र करून कायमचं व्हेंटिलेटर लावता येतं. त्यानं आयुष्य वाढतं, काही जण ते मनापासून निवडतात. पण चोवीस तास शिकलेलं माणूस, सतत सक्शन आणि मोठा खर्च हे सगळं त्यासोबत येतं, आणि आजार पुढे सरकतच राहतो. हा निर्णय रुग्णाचा. तो शांत दुपारी घ्यायचा, रुग्णवाहिकेत नाही. तिथे घाईत नळी घातली जाते आणि मग ती काढायची कशी, हा प्रश्न सगळ्या घराला वर्षानुवर्षं पोळतो.

निर्णय झाला की तो लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही पुरते. दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. आपल्या वतीनं बोलणाऱ्या व्यक्तीचं नाव त्यात लिहायचं. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. अण्णांनी २०२३ च्या उन्हाळ्यात केलं, अंगठा लावून, नोटरींना घरी बोलावून. प्रत्येक ओळ वाचून दाखवली आणि प्रत्येक ओळीला त्यांनी डोळे मिटले. एका ओळीला मिटले नाहीत, ती आम्ही बदलली.

शेवटचे आठवडे

पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचे, डॉक्टर अगदी शेवटी नाही, निदानापासूनच सोबत असावेत. धाप आणि घाबरेपणा यांवर मॉर्फिनचे छोटे डोस उत्तम काम करतात. योग्य देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिननं माणूस ‘संपवला’ जात नाही, त्याची तडफड थांबते. गुदमरून जाण्याची भीती प्रत्येक घरात असते, आमच्याकडेही होती. प्रत्यक्षात एएलएसच्या बहुतेक रुग्णांचा शेवट शांत होतो. कार्बन डायऑक्साइड हळूहळू वाढत जातो, झोप गाढ होत जाते. अण्णा २०२४ च्या फेब्रुवारीत पहाटे झोपेतच गेले. पाळी भावाची होती.

नंतर यंत्रं पडून राहतात आणि कुणीतरी मागायला येतं. द्या, पण मास्क, नळ्या आणि फिल्टर नवीन घ्यायला सांगा, आणि बायपॅपचे आकडे त्या रुग्णाच्या डॉक्टरांनी नव्यानं लावल्याशिवाय एक रात्रही वापरू देऊ नका. सोबत पुठ्ठाही द्या. मी तो नवीन लिहून दिला.